दानिएलच्या मातीचा ठराव

“ठराव झाला ना? मग खड्डा का नाही झाला?”

त्रिभुवन बाबांनी एवढंच विचारलं आणि पुन्हा गवार मोडायला लागले.

आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड प्रसन्न हिवाळे, त्यांच्यापुढे उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मी दाराशी, मोटारसायकलची किल्ली हातात धरून. मी ढोकेवाडीच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, चिटणीस. ठराव मीच लिहिला होता, शिक्काही मीच मारला होता. त्यामुळे हे सांगताना माझी थोडी अब्रू जाणार आहे. पण सांगायचं तर सगळं सांगावं.

बाबा आमच्या मंडळीचे जुने पाळक. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. आता सहा किलोमीटरवर लेकीच्या गावी असतात. मधली काही वर्षं पाळक तयार करणाऱ्या शाळेत शिकवायला जायचे, तिथे हिवाळे त्यांच्या हाताखाली शिकले.

“खणायला कुणी येत नाही बाबा,” हिवाळे म्हणाले.

“माती कुणाची आहे?”

“दानिएल शेलार. पहाटे गेला. पाच वाजता माती ठरलीय. आता साडेअकरा झाले आणि जमिनीला अजून टिकाव लागलेला नाही.”

बाबांचा हात थांबला.

“दानिएल गेला...”

हातातली शेंग त्यांनी टोपलीत ठेवली.

“रिबका कशी आहे?”

“नवऱ्याच्या उशाशी बसलीय सकाळपासून. तिचं एकच म्हणणं आहे, याला आपल्या मंडळीच्या कबरस्तानात जागा द्या. नाही मिळाली तर शहरात न्यावं लागेल, परक्या लोकांत. तिचे भाऊ गाडी ठरवायला निघाले होते, मी अडवलं. शब्द दिलाय मी तिला.”

दानिएलचं नाव मंडळीच्या यादीत नव्हतं. पाच वर्षं उपासनेला आला नाही म्हणून नियमाप्रमाणे कधीच कमी झालं होतं. अशा माणसाला जागा द्यायची तर कमिटीचा ठराव लागतो. हिवाळेंनी सकाळी आठलाच कमिटी बोलावली. सातही जण हजर. हिवाळे क्षमेवर फार छान बोलले. सातही हात वर गेले. एकमताने मंजूर. पंधरा मिनिटांत मीटिंग उरकली, चहासुद्धा झाला नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. आमच्या कमिटीत साध्या पंख्याच्या दुरुस्तीवर दीड तास जातो.

“आणि खुंट्या?” बाबांनी विचारलं.

खुंट्यांचं असं आहे. आमच्याकडे कुणी गेलं की एलीयातात्या गव्हाणे कबरस्तानात जाऊन जागा बघतात, चार खुंट्या ठोकतात, दोरी ओढतात. मग तरणी माणसं खणतात. तात्यांच्या खुंट्या पडल्याशिवाय कुणी टिकाव उचलत नाही. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. तात्या कमिटीवर कधी नव्हते, निवडणुकीला कधी उभे राहिले नाहीत. पूर्वी विहिरी खणायचे, जमीन कळते त्यांना, एवढंच. पण पस्तीस-चाळीस वर्षं हे असंच चालत आलंय.

“ठोकल्या नाहीत,” हिवाळे म्हणाले. “मी त्यांना ठरावाची प्रत पाठवली होती. सहीशिक्क्यासकट.”

“कुणाबरोबर?”

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाकरलो.

“मीच घेऊन गेलो होतो बाबा.”

“काय म्हणाला एलीया?”

“‘बरं’ म्हणाले. कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि कांद्याला पाणी द्यायला गेले.”

“नाही म्हणाला नाही?”

“नाही.”

“मग त्यानं तुमचं काय मोडलं?”

“बाबा, चेष्टा करू नका!” हिवाळे एकदम उसळले. “कोण आहेत हे तात्या? कमिटीवर नाहीत, कसलं पद नाही. निवडून दिलेली सात माणसं निर्णय घेतात. आणि एक म्हातारा ‘बरं’ म्हणून कांद्यात जाऊन उभा राहतो, की गावातला एक गडी घराबाहेर पडत नाही! मी सहा घरी जाऊन आलो. एकाची कंबर धरलीय. एकाला तालुक्याला काम निघालं. एक तर मला बघून आंघोळीला गेला, दुसऱ्यांदा!”

मला हसू आलं, ते मी गिळलं.

“मंडळी काय एका माणसाच्या मर्जीवर चालायची? त्यांना निवडलं कुणी?”

बाबांनी टोपली बाजूला सारली.

“तुला माझ्याकडून काय हवंय?”

हिवाळेंचा आवाज खाली आला. “तुम्ही चला. तात्यांना एक शब्द सांगा. तुमचं ते ऐकतील.”

“मी कमिटीवर आहे?”

“नाही, पण...”

“मला कुणी निवडलंय?”

हिवाळेंचे कान लाल झाले.

“सात हात कमी पडले,” बाबा म्हणाले, “म्हणून आता एका म्हाताऱ्यावर दुसरा म्हातारा सोडायला निघालास.”

...

मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं, मी सुटलो.

“चिटणीस, तुम्ही हात वर केला होता?”

“केला होता.”

“घरी फावडं आहे?”

“आहे.”

मी किल्लीशी चाळा करत राहिलो. दहावीत गणितात गटांगळी खाल्ली तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती.

“आणि योसेफचं याला सांगितलंत?”

“...नाही.”

“मीटिंगमध्ये निघालं?”

“नाही बाबा.”

“सात माणसांना ठाऊक,” बाबा म्हणाले. “सात.”

“कोण योसेफ?” हिवाळेंनी विचारलं.

मग मला सांगावंच लागलं. दानिएल टेम्पो चालवायचा. सतरा वर्षांपूर्वी, नाताळाच्या आदल्या दिवशी, मंडपाचं सामान घेऊन येताना कालव्याच्या वळणावर टेम्पो उलटला. दानिएलला खरचटलंसुद्धा नाही. शेजारी बसलेला योसेफ जागच्या जागी गेला. बावीस वर्षांचा होता. एलीयातात्यांचा एकुलता एक. त्याच्या कबरेच्या खुंट्याही तात्यांनीच ठोकल्या, दुसरं कोण ठोकणार? दानिएल त्यानंतर उपासनेला आला नाही. तात्यांनी त्याला कधी शिवी दिली नाही, कुणाकडे तक्रार केली नाही. फक्त पुन्हा त्याचं तोंड बघितलं नाही.

हिवाळे भिंतीला टेकले.

“आठ महिने झाले मला इथे येऊन. कुणी एका शब्दानं बोललं नाही.”

“तू विचारलंस?”

“मला काय स्वप्न पडणार होतं बाबा?”

“नियम विचारलेस. क्रमांकासकट पाठ आहेत तुला. एलीया ‘बरं’ म्हणून निघून गेला, तेव्हा त्याच्याकडे गेलास?”

“मी कागद पाठवला होता...”

बोलता बोलता हिवाळे थांबले. आपलंच वाक्य त्यांनी ऐकलं असावं. मग पहिल्यांदा ते खाली बसले, ओट्याच्या कडेला.

“मग आता ते येणारच नाहीत,” ते म्हणाले. “आणि कुठल्या तोंडानं बोलावू त्यांना? पण त्या बाईला काय सांगू? मी पाळक आहे तिचा. तिच्यासाठी एक खड्डासुद्धा करून देऊ शकत नाही मी.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांनी लपवलं नाही.

बाबा उठले. गुडघ्यांवर हात देत घरामागे गेले आणि एक टिकाव, एक फावडं घेऊन आले. दोन्ही त्यांनी हिवाळेंच्या पायाशी ठेवलं.

“देऊ शकत नाहीस?”

हिवाळे टिकावाकडे बघत राहिले...

“मी?”

“सही तुझी आहे ना ठरावावर?”

आम्ही तिघं एकाच गाडीवर निघालो. पुढे हिवाळे, मधे बाबा, मागे मी, मांडीवर टिकाव आणि फावडं. रस्त्यात भेटेल तो थांबून बघत होता. गावात आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली असणार.

आमचं कबरस्तान गावाबाहेर आहे. त्याला लागूनच एलीयातात्यांचं कांद्याचं वावर, मधे कमरेएवढी भिंत. बाबा कडुनिंबाखाली जाऊन बसले, शेजारी मी. हिवाळेंनी गळ्याची पांढरी कॉलर काढून खिशात ठेवली, बाह्या वर केल्या.

“कुठे खणू?”

बाबा रुमालानं मान पुसत राहिले.

हिवाळेंनी स्वतःच जागा शोधली. भिंतीजवळ, एका कबरेशेजारी, चांगली ऐसपैस जागा रिकामी होती. आमच्यात नावाच्या पाट्या लावत नाहीत. कडेनं दगड मांडायचे आणि नाताळाला चुना द्यायचा, बस्स. हिवाळेंनी भिंतीला धरून लांब रेघ मारली आणि टिकाव घातला.

शेजारची ती कबर योसेफची. आणि रिकामी जागा तात्यांनी स्वतःसाठी ठेवलेली. हेही कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सतरा वर्षांत तिथे कुणी पाऊल टाकलं नव्हतं. त्यात ती भिंत दक्षिणोत्तर, म्हणजे कबर आडवी होणार. आमच्यात पाय पूर्वेला ठेवतात, शेवटच्या दिवशी उठताना तोंड उगवतीकडे असावं म्हणून. हिवाळेंना हे माहीत नव्हतं असं नाही. पण शहरात पगारी माणसं खणतात, त्यांना खड्डा नेहमी तयारच मिळालेला.

मी उठलो. बाबांनी माझा हात धरला.

“बाबा, ती जागा...”

“बसा.”

“अहो, पण ती तात्यांची...”

“चिटणीस, बसा.”

मी बसलो. राग आला होता मला, खरं सांगतो. म्हटलं, काय खेळ लावलाय या म्हाताऱ्यानं? तिकडे बाई वाट बघतेय, आणि हे सावलीत बसून मजा बघतायत.

वरची माती सरली आणि मुरूम लागला. हिवाळेंनी आयुष्यात पहिल्यांदाच टिकाव धरला असावा, तो उडून त्यांच्याच नडगीला लागत होता. अर्ध्या तासात हाताला फोड आले. त्यांनी रुमाल गुंडाळला. मग फोड फुटले. तासाभरानं खड्डा गुडघ्याएवढाही नव्हता.

फाटकाबाहेर माणसं जमायला लागली होती. त्यात कमिटीचे तिघे होते. कंबर धरलेला गडीही होता, सरळ उभा. आत कुणी आलं नाही. हसलंही कुणी नाही.

“तासभर विसावा घ्या पाळकसाहेब,” मी म्हणालो.

“तासभर कुठून आणू?” ते धापा टाकत म्हणाले आणि पुन्हा वाकले.

भिंतीपलीकडून आवाज आला.

“कुणी सांगितलं हितं खणायला?”

एलीयातात्या वावरात उभे होते, भिंतीवर दोन्ही हात ठेवून.

हिवाळे सरळ झाले. “कुणी नाही तात्या.”

“आन् हे आसं आडवं? उठंल त्या दिवशी दक्षिणंकडं तोंड करून उठंल का तो? अहो, येवढं शिकलात, उगवत कुठं ते कळंना व्हय तुम्हाला?”

तात्या पंचाहत्तरीला आलेले, पण भिंतीवरून टांग टाकून आत आले. आल्या आल्या त्यांनी खड्ड्याकडे बघितलं नाही. हिवाळेंनी उपसलेली माती शेजारच्या कबरेवर पडली होती. तात्या खाली वाकले आणि चुना दिलेल्या दगडांवरची माती तळव्यानं झाडायला लागले. एक दगड झाला, मग दुसरा.

“ही माझी जागा हाय,” ते म्हणाले. आवाजात आता राग नव्हता.

हिवाळेंनी त्या हाताकडे बघितलं. कबरेकडे बघितलं.

“योसेफ?”

तात्यांनी मान हलवली.

ठराव हिवाळेंच्या खिशात होता, कागदाचं टोक मला दिसत होतं. मी बघत होतो, आता काढतात की काय. त्यांनी काढला नाही. ते खड्ड्यातून वर आले, गुडघे टेकून बसले आणि दुसऱ्या बाजूनं कबरेवरची माती झाडायला लागले.

“चुकलो तात्या,” ते म्हणाले. “सकाळी मी कागद पाठवायला नको होता. स्वतः यायला पाहिजे होतं.”

तात्या दगड झाडत राहिले.

“दानिएलला कुठे ठेवायचं ते तुम्ही सांगा. नको म्हणालात तर मी जाऊन रिबकाबाईंना सांगेन, की माझ्याच्यानं झालं नाही. तुमचं नाव घेणार नाही.”

...

फाटकाशी कुणी हलत नव्हतं. वावरात मोटारीचं पाणी पाटातून वाहून चाललं होतं. तात्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“सतरा वर्सं म्या त्याचं तोंड न्हाई बघितलं,” ते म्हणाले. “आन् तुमचा कागद येतो. कळविण्यात येतं म्हनं. मला कळवत्यात!”

ते शब्द माझे होते. मी मान खाली घातली.

“माझं पोरगं गेलं वो...”

हिवाळेंनी तात्यांच्या हातावर हात ठेवला. दोघांचेही हात मातीनं भरलेले.

बऱ्याच वेळानं तात्यांनी विचारलं, “रिबका कवापासून बसलीय?”

“पहाटेपासून.”

“पोटात काय हाय तिच्या?”

“चहासुद्धा घेतला नाही.”

“तिनं काय केलं होतं कुणाचं...” तात्या पुटपुटले. मग उठले. “आधी हे बुजवा. नीट बुजवा, टेकाड नको ऱ्हायला.”

ते कडुनिंबाच्या पलीकडे गेले. टाचेनं तीन-चार ठिकाणी जमीन दाबून बघितली. एका जागी थांबले, सूर्याकडे बघितलं आणि कमरेच्या पंच्यातून चार खुंट्या आणि दोरीचं गुंडाळं काढलं. कांद्याला पाणी देताना कुणी खुंट्या कमरेला बांधून फिरत नाही. सकाळपासून त्या त्यांच्याजवळच होत्या.

“हितं. जमीन मऊ हाय.”

चौथी खुंटी पडायच्या आत फाटक उघडलं. सगळ्यात पुढे कंबरवाला. मीही घरी पळालो आणि माझं फावडं घेऊन आलो. त्याच्यावर कोळ्याचं जाळं होतं, ते मी वाटेत पुसलं.

साडेचारला खड्डा तयार झाला. तात्यांनी आत काठी टाकून खोली मोजली, एका कोपऱ्यातून अजून वीतभर काढायला लावलं आणि भिंतीवरून परत वावरात गेले. मातीला थांबले नाहीत. जाताना रिबकाच्या भावाला निरोप ठेवला, माती झाली की तिला आधी जेवायला घाला.

पाच वाजता माती झाली. पाय पूर्वेला.

बाबांना सोडायला आम्ही परत गेलो, तेव्हा दिवस अजून होता. लेकीनं कोमट पाण्यात हळद घालून दिली. हिवाळे ओट्यावर बसून त्यात हात बुडवत होते आणि ओठ चावत होते.

“म्हणजे ठरावाला काही अर्थच नव्हता,” ते म्हणाले.

“ठराव नसता तर तू तासभर खणलं असतंस?”

हिवाळेंनी बोटांनी पाण्यातली हळद ढवळली.

“बाबा, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“ती जागा कुणाची ते तुम्हाला माहीत होतं. योसेफची माती तुमच्याच हातची. मी आडवं खणतोय हेही दिसत होतं. माझ्या हाताची सालं निघत होती, आणि तुम्ही तासभर समोर बसून होतात.” हिवाळेंचा आवाज चढला. दिवसभराचं सगळं त्यात आलं होतं. “एक शब्द का नाही बोललात?”

बाबांनी त्यांचा हात पाण्यातून वर घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि पुन्हा पाण्यात ठेवला.

“बोललो असतो,” ते म्हणाले, “तर तू माझं ऐकलं असतंस.”